भ्रमणध्वनीवरील इंटरनेटचे खाते : कोणाच्या नावाचे, कोणाच्या हातातले?

ना. म. जोशी मार्ग हे नाव पाटीवर आले त्याला कित्येक दशके लोटली, तरी चिंचपोकळीपासून लोअर परळपर्यंतच्या माणसांच्या तोंडी या रस्त्याचे नाव आजही डिलाईल रोड असेच आहे. या रस्त्यावर आणि त्याच्या गल्ल्यांत ज्या वैद्यांनी दवाखाने चालवले, ज्यांनी काष्ठौषधींची व आसवारिष्टांची दुकाने सांभाळली, त्यांचा रुग्ण एके काळी गिरणीच्या भोंग्यानुसार येत असे. पाळी सुटली की दवाखान्याच्या बाकावर जागा उरत नसे. रुग्णाचा पत्ता विचारण्याचेही फारसे कारण नव्हते. अमुक चाळ, अमुक खोली, आणि कोणाच्या खानावळीत जेवतो एवढे कळले की पुरे होत असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि ही घडी विस्कटली ती कायमची. कोणी कोकणात परतले, कोणी सातारा-कोल्हापूरकडे गेले, कोणी विरार-बदलापूरच्या वाटेला लागले. पुढे १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या येथील ३२ बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे काम निघाले आणि राहिलेल्या कुटुंबांपैकीही अनेकांनी संक्रमण शिबिराची किंवा भाड्याच्या घराची वाट धरली. त्यातच जुलै २०१८ मध्ये लोअर परळ स्थानकालगतचा पूल धोकादायक म्हणून बंद झाला, तो पूर्णपणे खुला होण्यास नोव्हेंबर २०२३ उजाडला. करी रोड-लालबागच्या बाजूच्या वृद्ध रुग्णाला पाच वर्षांहून अधिक काळ वळसा पडला. या पाच वर्षांतच मार्च २०२० ची टाळेबंदी आली.

परिणाम असा की केसपेपरवरचा पत्ता आता पुष्कळदा जुना असतो. त्या कागदावर उपयोगी पडेल असा तपशील उरतो तो दहा अंकी क्रमांकाचा. रुग्णाच्या घरीही आपली ओळख म्हणून तोच एक क्रमांक असतो, औषधाच्या पुडीवर छापलेला, दुकानाच्या फलकावर रंगवलेला. या क्रमांकामागे इंटरनेटचे खाते असते, त्याच्यावर फोनचे खाते आणि त्याच्यावर पैशांची व व्यवसायाची खाती अशी उतरंड रचलेली असते. ही उतरंड कोणी रचली, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते, “मोबाइलच्या दुकानातल्या मुलाने लावून दिले.” म्हणूनच हा विषय या त्रैमासिकाच्या पानांवर घ्यावा असे आम्हांस वाटले. विषय यंत्राचा दिसत असला तरी त्यात पणाला लागते ती रुग्णाची गुप्तता.

प्रथम या खात्याचे मूळ पाहू. भारतात मोबाइलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले आणि त्यानंतर पंधराच दिवसांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. ही दोन पोरे एकाच वर्षी जन्मली, पण कित्येक वर्षे एकमेकांशी बोलली नाहीत. इंटरनेट घ्यायचे तर घरचा दूरध्वनी, संगणक व मोडेम लागत असे. दोहोंची खरी गाठ पडली ती जीपीआरएस या तंत्राने. त्याआधी फोनवरून माहिती पाठवायची म्हणजे बोलण्याची एक पूर्ण वाट अडवून ठेवावी लागे आणि मिनिटांचे पैसे पडत. जीपीआरएसमध्ये माहितीची लहान लहान पुडकी करून ती जशी वाट मिळेल तशी पाठवली जाऊ लागली आणि आकार वेळेचा न राहता वजनाचा झाला.

मात्र फोन विकत घेतला आणि सिमकार्ड घातले की इंटरनेट चालू झाले, असे तेव्हा नव्हते. फोनमध्ये ‘खाते’ तयार करावे लागे. नोकियाच्या फोनमध्ये त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणत. त्यात खात्याचे नाव, वाहकाचा प्रकार, ॲक्सेस पॉइंटचे नाव, वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि मुख्य पान अशी घरे भरावी लागत. कंपनीला लघुसंदेश पाठवला की फोनच्या मॉडेलनुसार तयार मांडणी संदेशरूपाने येई, एक छोटा पिन विचारला जाई आणि खाते जतन होई. ते जतन झाल्यावर नेहमीसाठी निवडण्याचे काम मात्र आपणच करायचे असे. येथेच बहुतेकांची गाडी अडे.

ॲक्सेस पॉइंटचे नाव, ज्याला आज सर्वजण एपीएन म्हणतात, ते म्हणजे कंपनीच्या जाळ्यातून बाहेर पडण्याच्या दरवाजाचे नाव होय. एकच सिम, पण नाव वेगळे लिहिले की वाट वेगळी. वैद्यांना हे चटकन समजावे, कारण चूर्ण एकच असले तरी अनुपान बदलले की कार्य बदलते हे आपण रोजच पाहतो. एअरटेलच्या फोनमध्ये ‘एअरटेलफन डॉट कॉम’ असे लिहिले तर माणूस कंपनीच्या स्वतःच्या पोर्टलवर जाई आणि ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’ असे लिहिले तर खुल्या महाजालावर. व्होडाफोनमध्ये पोर्टलचा दरवाजा निराळा होता, तर खुल्या इंटरनेटसाठी केवळ तीन वेळा डब्ल्यू हे अक्षर पुरे. चित्रसंदेशांचे खाते याहून वेगळे, तिसरे. दहा किलोबाइटला दहा पैसे हा दर त्या काळी बराच प्रचलित होता. आकडा क्षुल्लक वाटतो, पण एका मेगाबाइटचे दहा रुपयांहून थोडे अधिक होतात, आणि चुकीच्या दरवाजाने दोन-चार छायाचित्रे उतरवली की प्रीपेड शिल्लक संपलेली असे. अशा तक्रारी इतक्या वाढल्या की २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय डेटा सेवा चालू करण्यास मज्जाव केला आणि चालू-बंद करण्यासाठी १९२५ हा निःशुल्क क्रमांक नेमून दिला.

हा इतिहास झाला असे कोणी म्हणेल. तसे नाही. आजच्या फोनमध्ये सिम घातले की ही मांडणी आपोआप होते, एवढाच फरक आहे. खाते आहेच, फक्त दृष्टीआड आहे. क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे वळवल्यावर, दुसरे सिम घातल्यावर, मुलाने परदेशातून आणलेला फोन वापरू लागल्यावर किंवा दुरुस्तीत फोन कोरा झाल्यावर ते पुन्हा डोके वर काढते. बोलणे चालते, सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसतात, डेटाही चालू केलेला असतो, पण एकही पान उघडत नाही. अशा वेळी दुकानात धावण्यापूर्वी पाच मिनिटे स्वतः द्यावीत. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, त्यात मोबाइल नेटवर्क किंवा सिम, आणि त्यात ॲक्सेस पॉइंट नेम्स हे पान असते. आयफोनमध्ये ते मोबाइल डेटाच्या पोटात आहे, मात्र काही कंपन्यांच्या सिमवर ते दिसत नाही. तेथे प्रथम ‘मूळ मांडणी परत आणा’ या अर्थाचा पर्याय निवडून फोन बंद करून चालू करावा. बहुतेक वेळा एवढ्याने काम होते. न झाल्यास नवे खाते लिहावे. खात्याच्या नावाच्या घरात काहीही चालते. एपीएनच्या घरात मात्र कंपनीने ठरवलेला शब्द लहान लिपीतील रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावा. जिओसाठी जिओनेट, बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट, एअरटेलसाठी वर सांगितलेले जीपीआरएसचे नाव, आणि व्होडाफोनची परंपरा चालवणाऱ्या व्हीआयसाठी तेच तीन डब्ल्यू. वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड सहसा रिकामेच असतात. देशाचा संकेतांक, जो भारतासाठी ४०४ किंवा ४०५ असतो, तो फोन सिमवरून स्वतः भरतो. त्याला हात लावू नये. जतन करून ते खाते निवडले, म्हणजे त्याच्यासमोरचे वर्तुळ भरले, की झाले. आजही लोक अडतात ते याच शेवटच्या पायरीवर.

प्रॉक्सी आणि पोर्ट ही दोन घरे त्याच पानावर असतात, त्यांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. जुन्या काळी तेथे कंपनीच्या यंत्राचा पत्ता भरावा लागे. आज ती घरे रिकामी असावीत. तेथे कोणी एखादा पत्ता भरून ठेवला असेल, तर आपल्या फोनची इंटरनेटवरील ये-जा त्या पत्त्यावरच्या यंत्रामार्गे वळवली जाऊ शकते. ही कल्पनेची भीती नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की सॅमसंग, ह्युआवे, एलजी व सोनी यांच्या काही फोनवर कंपनीच्या नावाने बनावट मांडणीचा संदेश पाठवता येतो. फोनधारकाने ‘स्वीकारा’ म्हटले की नवी मांडणी लागू होते. जुन्या दिवसांत ज्या संदेशाची आपण चातकासारखी वाट पाहत होतो, तोच संदेश असा उलटू शकतो. आपण मागितलेला नसताना आलेला मांडणीचा संदेश स्वीकारू नये, आणि पिन सांगण्यासाठी कोणाचा दूरध्वनी आला तर तो ठेवून द्यावा.

जाता जाता एक गोष्ट. गल्ल्याजवळ ठेवलेला, पैसे जमा झाल्याचे ओरडून सांगणारा डबा आणि कार्ड घासण्याचे यंत्र यांतही पुष्कळदा स्वतःचे सिम असते. त्यांचा दरवाजा सेवा देणाऱ्याने ठरवलेला असतो. डबा गप्प झाला म्हणून आपल्या फोनची मांडणी बदलत बसण्यात अर्थ नाही. आणि जाड भिंतींच्या जुन्या गाळ्यात, मागच्या खोलीत, जेथे आपण रुग्ण तपासतो तेथे सिग्नलच येत नसेल तर एपीएन कितीही अचूक लिहून काय उपयोग? कोणत्या कंपनीचे सिम घ्यावे याचा निर्णय जाहिरातीवरून न करता शेजारच्या दुकानदाराचा फोन आपल्या टेबलावर ठेवून करावा.

दरवाजा उघडला, आता घरात येऊ. अँड्रॉइड फोन चालू करताना गुगलचे खाते मागतो. बहुसंख्य ज्येष्ठ वैद्यांच्या फोनमधील हे खाते दुसऱ्याने उघडलेले असते, पासवर्ड त्यालाच ठाऊक असतो, आणि पासवर्ड विसरल्यास परत मिळवण्याचा क्रमांकही त्याचाच दिलेला असतो. त्या मुलाच्या मनात काही वाईट असते असे नाही. गिऱ्हाईक खोळंबलेले असते, तो आपला उरक पाहतो. पण पुढे काय होते ते पाहा. रुग्ण औषधाचा गुण दाखवण्यासाठी किटिभाचे, श्वित्राचे छायाचित्र पाठवतो. भगंदराच्या रुग्णाचे व्रण आपण स्वतः टिपून ठेवतो, पंधरा दिवसांनी तुलना करता यावी म्हणून. छायाचित्रांची प्रत आपोआप साठवण्याची सोय चालू असेल तर ही सर्व चित्रे त्या खात्यात जातात आणि ज्याच्यापाशी पासवर्ड आहे तो ती कोठूनही पाहू शकतो. केसपेपरचे कपाट कुलूपबंद ठेवणारा वैद्य ही चित्रे मात्र नकळत रस्त्याकडेच्या टपरीत ठेवून मोकळा होतो. आपला रुग्ण याच वस्तीतला, टपरीवरचा मुलगाही याच वस्तीतला, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळेल.

यावर उपाय अवघड नाही. गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन पासवर्ड बदलावा, परत मिळवण्याचा क्रमांक व ई-मेल स्वतःचा किंवा घरच्या माणसाचा द्यावा, द्विस्तरीय पडताळणी चालू करावी. हे खाते कोणकोणत्या यंत्रांवर उघडे आहे याची यादी तेथेच दिसते, त्यातील अनोळखी नावे काढून टाकावीत. रुग्णांची चित्रे घरगुती चित्रांत मिसळू न देता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावीत आणि त्या फोल्डरची आपोआप प्रत जाणार नाही अशी व्यवस्था करावी. जमल्यास दवाखान्याचा फोनच वेगळा असावा. नातवंडांच्या खेळासाठी हाती जाणारा फोन आणि रुग्णांची गुपिते सांभाळणारा फोन एक असू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता उतरंडीच्या तळाशी जाऊ, म्हणजे सिमकार्डाकडे. अनेक औषधालयांचा जाहीर क्रमांक मालकाच्या नावावर नसतोच. केव्हातरी कंपाउंडरने आपल्या कागदपत्रांवर सिम आणून दिलेले असते, किंवा धाकट्या भावाच्या नावावर ‘योजनेत’ मिळालेले असते. माणूस नोकरी सोडून गेला, भावाभावांत वाटण्या झाल्या, की प्रश्न उभा राहतो. ज्याच्या नावावर सिम, तो ओळखपत्र दाखवून दुसरे सिम काढू शकतो आणि आपल्या फोनमधील सिम त्या क्षणी मृत होते. यूपीआयची नोंदणी त्याच सिममधून जाणाऱ्या संदेशावर बांधलेली असते, जीएसटीच्या पोर्टलचा, बँकेचा परवलीचा संकेतांक त्याच क्रमांकावर येतो. औषधनिर्मितीचा परवाना असणाऱ्यांसाठी आयुष मंत्रालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू केलेले ई-औषधी पोर्टल आहे, आणि आपल्या नोंदणी परिषदेशी होणारा व्यवहारही क्रमांक मागतोच. एवढा भार ज्या क्रमांकावर आहे तो आपल्या नावावर आहे की नाही, हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर पाहता येते. मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या या स्थळावर आपल्या नावावर किती जोडण्या आहेत त्याची यादी मिळते. महाराष्ट्रात एका व्यक्तीला नऊपर्यंत जोडण्यांची मर्यादा आहे. ओळखीची नसलेली जोडणी दिसली तर तेथेच तशी नोंद करता येते. क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे वळवल्याने नाव बदलत नाही. नावबदलासाठी जुन्या व नव्या धारकांनी कागदपत्रांसह कंपनीच्या दालनात जावे लागते. जुना कंपाउंडर गावी कणकवलीस गेला असला तरी गणपतीत मुंबईला येईल तेव्हा त्याला सोबत घेऊन हे काम उरकावे. त्याचा आपला जिव्हाळा शाबूत आहे तोवरच ते सोपे आहे. पैशांची फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, तेथे तास-दोन तासांनीही फरक पडतो.

क्रमांक बंद पडण्याचा धोका याहून शांत, म्हणून अधिक घातक. प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार प्रीपेड जोडणीवर ९० दिवस कोणताही वापर झाला नाही आणि शिल्लक २० रुपयांहून कमी असली, तर कंपनी ती बंद करू शकते. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. याविषयीची याचिका २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती, तेव्हा जुन्या क्रमांकावरील आपला मजकूर दुसऱ्याच्या हाती पडू नये याची काळजी ग्राहकाने स्वतः घ्यायची आहे, हेच न्यायालयाने सांगितले. वैद्याच्या बाबतीत मात्र आपला मजकूर पुसून भागत नाही. वैद्य सहा महिने मुलीकडे परदेशी राहिला, क्रमांक गेला, आणि तो कोणा परक्या तरुणाला मिळाला असे समजा. जुन्या पुडीवरचा क्रमांक पाहून गावाकडची एखादी स्त्री आपल्या प्रदराचे सविस्तर वर्णन त्या तरुणाला लिहून पाठवील. ती वैद्याशी बोलते आहे असेच तिला वाटेल. तिची लाज राखणारा कोणताही नियम त्या वेळी कामी येणार नाही.

दूरस्थ चिकित्सेविषयी येथे थोडक्यात. एप्रिल २०२० मध्ये तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने आयुर्वेद, सिद्ध व युनानी चिकित्सकांसाठी दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. वैद्याने आपली ओळख व नोंदणी क्रमांक रुग्णास कळवावा, रुग्णाची ओळख पटवून घ्यावी, सल्ल्याची नोंद व व्यवस्थापत्राची प्रत जपून ठेवावी, अशी त्यांची दिशा आहे. फोनवरून प्रश्नपरीक्षा होते, दर्शन काही अंशी होते, स्पर्शन होत नाही. नाडी पाहिल्याशिवाय ज्यांचे समाधान होत नाही त्यांनी तसे रुग्णास सांगून प्रत्यक्ष बोलावावे. पूल आता खुला झाला आहे. औषधालयांच्या चालकांसाठी याच अनुषंगाने एवढेच, की व्यवस्थापत्राचे छायाचित्र फोनवर आले की औषध बांधून देण्याची सवय वाढली आहे. वत्सनाभ, कुचला यांसारखी अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असलेल्या औषधांविषयी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना नोंदणीकृत चिकित्सकाच्या व्यवस्थापत्राविना विक्री न करण्याचा सल्ला दिला होता. काउंटरवरच्या आपल्या व्यवहारालाही तेच पथ्य लावावे. आलेल्या छायाचित्रावरील वैद्यास एक फोन करून खात्री करणे इष्ट. आणि काम झाल्यावर ते छायाचित्र दुकानातील चार जणांच्या सामायिक फोनवर पडून राहू देऊ नये. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. लहान दुकानदार त्यातून सुटेल अशा समजुतीत राहू नये.

शेवटचा मुद्दा वारशाचा. डिलाईल रोड, लालबाग, परळ या भागांत वडिलांची गादी मुलाने किंवा सुनेने चालवण्याची रीत आहे आणि फलकावरचा क्रमांक वडिलांच्या नावाचा असतो. वडील हयात असताना दोघांनी मिळून नाव बदलून घेतले तर काम एका फेरीत होते. नंतर तेच करायचे तर मृत्यूचा दाखला, नाते दाखवणारे कागद आणि बहुधा इतर वारसांची संमती गोळा करावी लागते, आणि तोवर रिचार्जची मुदत कोणासाठी थांबत नाही. जेथे असा जुना क्रमांक आहे त्यांनी त्याच्या रिचार्जची तारीख साठ्याच्या वहीत, आसवांच्या मुदतीच्या तारखांशेजारी लिहून ठेवावी. ते पान महिन्याला एकदा तरी उघडले जातेच.